अर्ज, गुन्हा आणि भुईकाटा : पोलीस सुधारणांचा कायदा ठाण्याच्या टेबलावरून

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरून मोटारीची केबल रात्रीतून कापून नेली. सकाळी नाल्याच्या काठाला जळालेल्या प्लॅस्टिकची काळी राख तेवढी सापडली; तांबे काढण्यासाठी चोर केबल तिथेच जाळतात, हे खान्देशातल्या कुठल्याही बागायतदाराला सांगावे लागत नाही. तो ठाण्यात गेला, दोन तास बाकावर बसला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याच्याच अर्जाची एक झेरॉक्स होती. तिच्यावर जांभळ्या शाईचा ‘आवक’ असा पुसट शिक्का होता आणि त्याखाली कुणाचे नाव नव्हते. आपण तक्रार नोंदवली, अशी त्याची समजूत होती. ती नोंदली गेलेली नाही हे मी सांगितल्यावर त्याने एवढेच विचारले, “आते काय करानं, भाऊ?”

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, नवे फौजदारी कायदे, ठाण्यांतले कॅमेरे यांमुळे पोलीस सुधारणा हा विषय अधूनमधून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. आयोग, प्राधिकरण, मंडळ अशा शब्दांत तो इतका गुरफटलेला असतो की केबल गेलेल्या माणसाला त्यात आपल्या कामाचे काही आहे असे वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की या साऱ्या कायद्यांची परीक्षा ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच होते आणि लोकांचा विश्वास बसतो किंवा उडतो तोही तिथेच. म्हणून आपण त्या टेबलापासूनच सुरुवात करू.

अर्ज दिला म्हणजे गुन्हा दाखल झाला का?

नाही. अर्ज हा कागद आहे. गुन्हा दाखल होणे ही कायद्याने ठरवून दिलेली कृती आहे. कायद्याने गुन्ह्यांचे दोन प्रकार केले आहेत. ज्यात पोलीस न्यायालयाच्या हुकुमाशिवाय तपास सुरू करू शकतात तो दखलपात्र. ज्यात दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो तो अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्याची जी पहिली माहिती पोलीस लिहून घेतात तिला प्रथम खबर अहवाल, म्हणजेच एफआयआर म्हणतात. तिला क्रमांक पडतो, ती न्यायालयात जाते आणि त्या क्रमांकाचे पुढे काय झाले याचे उत्तर कुणाला तरी द्यावे लागते. अर्जाला असा क्रमांक नसतो. तो फायलीत राहतो आणि त्याच्याबद्दल विचारायला गेले तर आधी ती फाईल शोधण्यात सकाळ जाते.

माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने आणखी काही गोष्टी लेखी हक्क म्हणून दिल्या : गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर घ्यावी लागते, तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते, आणि खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत येऊन सही केली की ती नोंदली जाते. ठाण्याने नकार दिला तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

इथे एक बारीक खोच आहे. नव्या संहितेप्रमाणे चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे केबलची किंमत कागदावर साडेचार हजार लिहिली गेली तर पोलिसांना तपासातून सूट मिळते, आणि सात हजार लिहिली गेली तर मिळत नाही. जुन्या केबलची किंमत कुणी आणि कशी ठरवायची? दुकानदाराचे बिल जवळ असेल तर वाद घालता येतो. नसेल तर समोरचा म्हणेल ती किंमत. शिवाय तीन वर्षे किंवा त्याहून जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांची परवानगी घेऊन चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही नव्या कायद्याने दिली आहे. चौकशीत प्रथमदर्शनी तथ्य दिसते का, एवढेच तिथे पाहायचे असते. परंतु ‘चौकशी चालू आहे’ हे वाक्य चौदा दिवसांच्या पलीकडे किती लांबवता येते, हे ज्याने ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला विचारावे.

मग पोलीस नेमके कुणाला उत्तरदायी असतात?

पोलीस हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे पोलिसांचा मूळ कायदा राज्य विधिमंडळ करते. आपल्याकडे अजून १८६१ चाच कायदा चालतो, असे भाषणांतून सर्रास ऐकू येते. महाराष्ट्रापुरते ते खरे नाही. इथे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आहे आणि त्याचेच नाव आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाले आहे. पण १८५७ च्या उठावानंतर जो साचा पक्का झाला त्याची छाया १९५१ च्या कायद्यावरही पडलेली आहे. त्या साच्यात शिपाई हवालदाराला, हवालदार निरीक्षकाला, निरीक्षक अधीक्षकाला आणि अधीक्षक सरकारला उत्तर देतो. सगळी उत्तरे वर जातात. बाकावर बसलेल्या माणसाकडे मात्र एकही येत नाही.

आणीबाणीनंतर १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला आणि १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. ते कपाटात राहिले. १९९६ साली निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंग सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात आदेश दिले. त्यांचे सार असे : पोलिसांना धोरण द्यावे सरकारने, पण रोजच्या कामात सरकारने हात घालू नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग असावा, महासंचालकांची निवड ठरलेल्या पद्धतीने व्हावी आणि त्यांना किमान दोन वर्षे मिळावीत, ठाणे-जिल्हा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनाही दोन वर्षे मिळावीत, बदल्यांसाठी अधिकाऱ्यांचेच मंडळ असावे, तपास करणारे आणि कायदा-सुव्यवस्था राखणारे पोलीस वेगळे असावेत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. सातवा आदेश केंद्रीय दलांविषयी होता, त्यात आपण शिरायला नको.

महाराष्ट्राने २०१४ साली अधिनियमात दुरुस्ती करून यातल्या बऱ्याच गोष्टी कायद्यात आणल्या. त्या करताना थोड्या वाकवल्याही, पण ते पुढे येईलच. तपास वेगळा करण्याच्या आदेशाचे खान्देशापुरते काय झाले ते मात्र इथेच सांगतो. ही सुरुवात दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांतून करावी, असे न्यायालयाने म्हटले होते. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर पाच लाखांच्याही आत होते आणि धुळे त्याहून लहान. त्यामुळे आपल्याकडे ज्याच्या हातात चोरीचा तपास असतो तोच सारंगखेड्याच्या यात्रेला, गणपतीला, निवडणुकीला आणि मंत्र्यांच्या दौऱ्याला बंदोबस्तावर उभा असतो. तीन रात्री रस्त्यावर काढून आलेल्या हवालदाराने चौथ्या दिवशी केबलच्या राखेचा पंचनामा मन लावून करावा, ही अपेक्षा रास्त आहे. ती पुरी होण्याजोगी व्यवस्था मात्र आपण केलेली नाही.

बदलीशी माझा काय संबंध?

खान्देशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरतो आणि त्याचे वर्ष पुढच्या आखाजीपर्यंत चालते. मधेच त्याला काढायचे झाले तर मालकाला चार लोकांत कारण सांगावे लागते. म्हणूनच सालदार मालकाला तोंडावर सांगू शकतो की या वावरात यंदा कपाशी नको. उद्या सकाळी आपल्याला हाकलतील अशी धास्ती असलेला माणूस असे बोलत नाही. तो मालकाच्या चेहऱ्याकडे बघून काम करतो.

पोलीस अधिकाऱ्याच्या मुदतीचा अर्थ एवढाच आहे. २०१४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम २२-न मध्ये फौजदारापासून पोलीस निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी एका ठाण्यात साधारण दोन वर्षे, एका जिल्ह्यात चार वर्षे आणि एका परिक्षेत्रात आठ वर्षे असा कालावधी दिला आहे. शिपाई-हवालदारांसाठी एका जागी पाच वर्षे आहेत. गावकऱ्याच्या दृष्टीने याचा फायदा सरळ आहे. वाळूच्या ट्रॅक्टरवर कारवाई केलेल्या निरीक्षकाची आठ दिवसांत बदली झाली, तर पुढचा निरीक्षक ट्रॅक्टरकडे पाहणार नाही आणि गावही पुन्हा तक्रार घेऊन जाणार नाही.

या कलमातच पळवाट आहे. लोकहित आणि प्रशासकीय निकड असे कारण असेल तर मुदतीआधी बदली करता येते. अपवादाची गरज मला मान्य आहे, कारण एखादा अधिकारी खरोखरच अडचणीचा ठरू शकतो. पण अपवाद कधी आणि का वापरला हे त्या गावाला कळण्याची सोय नाही, आणि सालदाराच्या बाबतीत जे चार लोक असतात ते इथे नसतात.

पोलिसांविरुद्ध तक्रार पोलिसांकडेच करायची का?

रावेर-यावल पट्ट्यात केळीची गाडी भरली आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर वजन कमी वाटले, तर शेतकरी त्याच काट्यावर दुसऱ्यांदा मोजत बसत नाही. तो गाडी दुसऱ्या भुईकाट्यावर नेतो. पोलीस तक्रार प्राधिकरण हा तो दुसरा भुईकाटा आहे. महाराष्ट्रात राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात आणि विभागीय पातळीवर निवृत्त प्रधान जिल्हा न्यायाधीश. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, रीत न पाळता केलेली अटक, लाचखोरी, खंडणी, घर-जमीन बळकावणे आणि कायद्याने दिलेल्या अधिकाराचा गंभीर गैरवापर एवढ्या बाबी त्यांच्या कक्षेत येतात. केबलचा गुन्हा नोंदवायला नुसता उशीर झाला तर तिथे जाण्यात अर्थ नाही, त्यासाठी अधीक्षक आणि दंडाधिकारी आहेत. पण गुन्हा नोंदवण्यासाठी कुणी पैसे मागितले तर ते प्रकरण प्राधिकरणाचे आहे.

वाकवल्याचे मघाशी म्हटले ते हे. न्यायालयाने जिल्हा पातळीवर प्राधिकरण सांगितले होते. आपण ते महसुली विभागाच्या पातळीवर नेले. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. मोलगीचा एखादा माणूस पहाटेच्या जीपने अक्कलकुव्याला उतरेल, तिथून नंदुरबारला आणि नंदुरबारहून नाशिकला. काटा आहे खरा, पण तिथे गाडी नेण्याच्या खर्चातच अर्धा माल जातो. दुसरे असे की प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, चौकशी करून अहवाल देते. त्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असे न्यायालयाने २००६ साली म्हटले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी या प्राधिकरणाची बैठक व्हावी, एवढी एकच सुधारणा उद्या झाली तर बाकीच्या दहा सुधारणांपेक्षा मी तिला जास्त महत्त्व देईन.

विश्वास कायद्याने येतो का?

विश्वास कायदा करून येत नाही, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. १८१८ साली इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा सातपुड्यातल्या भिल्लांना त्यांनी लुटारू ठरवले आणि काही वर्षे फौजा पाठवून पाहिल्या. त्याने काही साधले नाही. १८२५ साली जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचीच एक पलटण उभी केली. तो शिकारीच्या निमित्ताने त्यांच्या वस्त्यांत वावरला, त्यांना नियमित पगार दिला आणि ज्यांचा बंदोबस्त करायचा म्हणत होते त्यांच्याच हातात बंदोबस्त दिला. ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. तिची दुसरी बाजू अशी की ज्याच्याकडे एके काळी सेंधव्याच्या घाटाची राखण होती तो खाज्या नाईक १८५७ मध्ये उठला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. पगार, गणवेश आणि एका भल्या अधिकाऱ्याची ओळख यांनी माणसे जवळ आली होती. पण जमीन, जंगल आणि न्याय यांबाबत त्यांना दाद मागण्याची जागा कुणी दिली नव्हती. अधिकारी बदलला की ओळख संपते, आणि ओळखीवर उभा राहिलेला विश्वासही तिच्याबरोबर जातो. कायद्याची गरज इथे लागते.

अलीकडचे उदाहरण अधिक कडवट आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. ते भिक्षा मागायला आलेले, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले लोक होते. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्याआधी कितीतरी दिवस मोबाईलवर फिरत होती. अनोळखी माणूस दिसला तर पोलिसांना कळवावे, हा साधा मार्ग होता. तो त्या जमावाला सुचला नाही याला क्रौर्य, भीती, गर्दी अशी बरीच कारणे आहेत आणि त्यांतले एकही सबब होऊ शकत नाही; परंतु पोलिसांना कळवून वेळेत काही होते असा अनुभव ज्या पाड्यांच्या गाठीशी नाही, तिथे मोबाईलवरचा संदेश पोलिसांच्या आवाहनापेक्षा खरा वाटतो, हेही त्या कारणांतले एक आहे. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला तर भाषेपासून अडचण सुरू होते : बाई पावरीत किंवा भिलीत सांगते, हवालदार मराठीत लिहितो, आणि खाली अंगठा उठवताना आपण काय सांगितले म्हणून लिहिले आहे हे तिला कळत नाही. जबाब तिच्या भाषेत वाचून दाखवणारा माणूस ठाण्यात असला तर हजार पत्रकांचे काम होते.

गावोगावी शांतता समित्या आहेतच ना?

आहेत. पण सणाच्या आठ दिवस आधी बोलावलेल्या बैठकीत दर वर्षी तेच पुढारी, त्याच खुर्च्या आणि तोच चहा असतो. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर काही वर्षांनी सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसे होती आणि त्यांची गाठ खालच्या स्तरावरच्या पोलिसांशी घातलेली होती. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. धुळ्याने ६ जानेवारी २०१३ रोजी याच्या उलट चित्र पाहिले; क्षुल्लक भांडणातून दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. दंगलीच्या दिवशी ओळखीचा हवालदार गल्लीत असणे आणि फक्त अनोळखी शिरस्त्राणे असणे यांत किती फरक पडतो, हे धुळ्याच्या जुन्या रहिवाशांना विचारावे.

एवढी बंधने घातली तर पोलीस काम कसे करणार?

ही तक्रार मी निवृत्त फौजदारांकडूनही ऐकली आहे आणि तिच्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. खोट्या तक्रारी होतात, आणि होतात त्या बहुधा कामसू अधिकाऱ्याविरुद्ध. पण पुरावा दोन्ही बाजूंनी चालतो. ठाण्यात सर्वत्र कॅमेरे असावेत आणि चित्रण अठरा महिने जपावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. कोठडीत मारहाण झाली असा खोटा आरोप झाला तर त्या चित्रणाइतका चांगला साक्षीदार पोलिसाला मिळणार नाही. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, त्यामुळे पंच फितूर झाले म्हणून सुटणाऱ्या आरोपींची वाट थोडी अरुंद झाली आहे. कॅमेरे बंद असल्याच्या बातम्यांची दखल न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली, ही गोष्ट वेगळी. बंद कॅमेऱ्याचा तोटा प्रामाणिक हवालदारालाही तेवढाच होतो.

आमच्या शेजाऱ्याचे पुढे असे झाले. आम्ही दुकानदाराकडून केबलच्या बिलाची दुय्यम प्रत घेतली, ठाण्यात पुन्हा गेलो आणि गुन्हा नोंदवत नसाल तर हेच कागद अधीक्षकांकडे पाठवतो, असे नम्रपणे सांगितले. टेबलावर या खेपेला दुसरा अंमलदार होता. रात्रपाळी करून बसलेला, डोळे तारवटलेले. त्याने बिल पाहिले, किंमत लिहिली आणि कीबोर्डवर एक-एक अक्षर शोधत फिर्याद टंकली. वाचून दाखवताना त्याने विहिरीच्या गट क्रमांकातली चूक स्वतःच दुरुस्त केली. प्रत देताना, नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते कळवावे लागते, हेही त्यानेच सांगितले. ते संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे हे मला माहीत होते, शेजाऱ्याला नव्हते.

केबल मिळालेली नाही. अडीच महिन्यांनी शेजाऱ्याच्या मोबाईलवर गुन्हा क्रमांक आणि ‘तपास चालू आहे’ एवढा मजकूर आला. पुढच्या पंधरवड्यात शिवारातल्या आणखी दोघांच्या केबली गेल्या, तेव्हा ते आधी त्याच्याकडे आले आणि बिले घेऊन तिघे मिळून ठाण्यात गेले.